समोरच्याला लिंबूटिंबू समजू नये
क्रिकेटपटू विजय हजारे यांची जीवनकथा



स्पर्धेची वेळ आली की एक प्रश्न हमखास निघतो. सामन्यांच्या चिठ्ठ्या निघतात. समोर एखादा नवखा, दुबळा संघ येतो. लगेच आपल्यात कुजबुज सुरू होते. यांच्यासाठी चांगले खेळाडू कशाला दमवायचे? राखीव मुलांना उतरवू. कोणी म्हणतो, हीच संधी आहे, धावांचा डोंगर रचू, लोकांच्या लक्षात राहील. कोणी म्हणतो, बिचारे आहेत, थोडे हळूच खेळू. लहान मुलांच्या खेळात आपण एखाद्याला लिंबूटिंबू ठरवतो, त्याच्यावर राज्य येत नाही, त्याला कोणी बाद करत नाही. मोठ्यांच्या खेळातही आपण मनातल्या मनात समोरच्या संघाला लिंबूटिंबू करून टाकतो.

दुबळ्या संघासमोर बलवान संघाने कसे खेळावे? वरवर साधा वाटणारा हा प्रश्न मोठमोठ्या संघांना चकवून गेला आहे. आपल्याच मराठी ख्रिस्ती समाजातील एका थोर खेळाडूने आपल्या आयुष्यात या प्रश्नाच्या दोन्ही बाजू पाहिल्या. कधी ते दुबळ्या संघात होते, कधी बलवान संघात. त्यांचे नाव विजय सॅम्युएल हजारे. आज टीव्हीवर विजय हजारे करंडकाचे सामने लागतात. पण करंडकावर ज्यांचे नाव आहे ते गृहस्थ कोण होते, हे आपल्या घरातील किती मुलांना सांगता येईल? म्हणून या रविवारी त्यांची कथा.

सांगलीचा मुलगा

विजय हजारे यांचा जन्म ११ मार्च १९१५ रोजी सांगलीला झाला. कुटुंब प्रॉटेस्टंट ख्रिस्ती, वडील शाळेत शिक्षक, घरात आठ मुले. शिक्षकाच्या पगारात एवढा मोठा संसार म्हणजे ओढाताण आलीच. सांगली तशी आपल्याला परकी नाही. आपल्या बार्शी लाइट रेल्वेचा छोटा रूळ १९२७ साली थेट मिरजेपर्यंत गेला, आणि मिरजेहून सांगली हाकेच्या अंतरावर. त्या वेळी विजय बारा वर्षांचा होता. त्याच सुमारास तो बॅट आणि चेंडूच्या नादी लागला असेल, असे समजायला हरकत नाही.

तो काळ संस्थानिकांचा होता. चांगल्या खेळाडूला राजेरजवाडे आश्रय देत, नोकरी देत. हजारे यांनाही असा आश्रय मिळाला आणि ऑस्ट्रेलियाचे नामवंत फिरकी गोलंदाज क्लॅरी ग्रिमेट यांचे मार्गदर्शन लाभले. हजारे फलंदाजीला उभे राहत तेव्हा बॅट दोन्ही पॅडच्या मध्ये घट्ट धरून ठेवत. पाहणाऱ्याला ते विचित्र वाटे. पण ग्रिमेट यांनी त्यांची ती सवय मोडली नाही. ज्याला जे साधते ते राहू द्यावे, हा चांगल्या गुरूचा गुण.

१९३४-३५ च्या मोसमात हजारे महाराष्ट्राकडून रणजी स्पर्धेत उतरले. पुढे काही वर्षे मध्य भारताकडून खेळून ते पुन्हा महाराष्ट्राच्या संघात आले. तेव्हा महाराष्ट्राचे कर्णधार होते पुण्याचे प्राध्यापक दि. ब. देवधर. कॉलेजात संस्कृत शिकवणारा हा माणूस मैदानावर मोठा शिस्तीचा होता. त्यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने १९३९-४० आणि १९४०-४१ अशी लागोपाठ दोन वर्षे रणजी करंडक जिंकला. त्यातल्या पहिल्या वर्षी पुण्यात बडोद्याविरुद्ध हजारे यांनी नाबाद ३१६ धावा काढल्या. रणजी स्पर्धेतले ते पहिले त्रिशतक.

या डावातील एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. नवव्या जोडीसाठी हजारे आणि नगरवाला यांनी २४५ धावांची भागीदारी केली. नववी जोडी म्हणजे बहुतेक फलंदाज बाद झालेले, आता शेपटीचे खेळाडू शिल्लक. अशा वेळी गोलंदाजही सैलावतात आणि एका बाजूचा चांगला फलंदाजही वैतागून बॅट फिरवू लागतो. हजारे यांनी तसे केले नाही. आपल्यापेक्षा कमी कसबी जोडीदाराला सोबत घेऊन, त्याच्यावर विश्वास टाकून खेळणे हा त्यांचा स्वभावच होता. पुढे एका फार मोठ्या परीक्षेत हा स्वभाव उपयोगी पडला.

बाकीच्यांचा संघ

त्या काळी मुंबईत धर्माच्या नावाने संघ करून क्रिकेटची मोठी स्पर्धा होत असे. आधी युरोपियन आणि पारशी खेळत. १९०७ साली हिंदूंचा संघ आला, १९१२ साली मुसलमानांचा. १९३७ पासून पाचवा संघ घेण्यात आला. त्याचे नाव होते रेस्ट, म्हणजे बाकीचे. वरच्या चारांत ज्यांची सोय नाही ते सगळे यात. भारतीय ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन, ज्यू असे मिळून हा संघ होई. नावातच त्याची पायरी कळत होती. धर्मावरून अशा स्पर्धा भरवणे गांधीजींना मान्य नव्हते आणि १९४६ नंतर ती स्पर्धा बंद झाली. ते योग्यच झाले. पण ज्या वर्षांत ती चालू होती त्या वर्षांत हजारे यांना याच बाकीच्यांच्या संघातून खेळावे लागे.

१९४३ सालच्या स्पर्धेत हा संघ अंतिम सामन्यात पोचला. वाटेत मुसलमानांच्या संघाविरुद्ध हजारे यांनी २४८ धावा काढल्या. तो स्पर्धेचा विक्रम ठरला. अंतिम सामना मुंबईच्या ब्रेबर्न स्टेडियमवर हिंदूंच्या संघाशी होता. तो संघ बलाढ्य. त्यांचे मुख्य फलंदाज विजय मर्चंट यांनी नाबाद २५० धावा काढून हजारे यांचा विक्रम लगेच मागे टाकला. हिंदूंनी ५ बाद ५८१ वर डाव घोषित केला.

बाकीच्यांचा पहिला डाव १३३ धावांत संपला. त्यांतल्या ५९ एकट्या हजारे यांच्या. फॉलोऑन मिळाला. म्हणजे लगेच दुसऱ्यांदा फलंदाजीला या, असे समोरच्याने फर्मावले. दुसऱ्या डावातही शंभराच्या आत पाच जण परतले. आता सामना संपल्यातच जमा आहे, असे ब्रेबर्नवर बसलेल्या प्रत्येकाला वाटले असणार.

तेव्हा हजारे यांच्या जोडीला त्यांचे भाऊ विवेक आले. दोघा भावांनी मिळून तीनशे धावांची भागीदारी केली. त्या तीनशेत विवेक यांच्या धावा किती? केवळ २१. बाकी जवळजवळ सगळे ओझे विजय यांनी उचलले. आकडेच सांगतात की गोलंदाजीला सामोरे जाण्याचे काम मोठ्या हिकमतीने त्यांनी स्वतःकडे ठेवले, आणि विवेक यांनी आपले काम ओळखून एक बाजू धरून ठेवली. एकवीस धावा काढणाऱ्या भावाशिवाय हा पराक्रम झालाच नसता, हेही तितकेच खरे.

विजय हजारे ३०९ धावा काढून बाद झाले. संघाच्या धावा झाल्या ३८७. शंभरातल्या जवळजवळ ऐंशी धावा एका माणसाच्या. एवढे करूनही बाकीच्यांचा संघ एक डाव आणि ६१ धावांनी हरला. करंडक हिंदूंच्या संघाने नेला. पण त्या सामन्याची आठवण निघते तेव्हा लोक आजही हरलेल्या बाजूच्या त्या खेळीबद्दल बोलतात.

इथे हिंदूंच्या संघाचेही कौतुक केले पाहिजे. त्यांनी समोरच्याला लिंबूटिंबू समजले नाही. भरपूर धावा केल्या, योग्य वेळी डाव घोषित केला, फॉलोऑन दिला, आणि दोन भाऊ तासन् तास पाय रोवून उभे असताना शेवटपर्यंत नेटाने गोलंदाजी केली. ते ढिले पडले असते तर सामना हातचा गेला असता. दुबळा म्हणवल्या जाणाऱ्या संघातही एखादा हजारे असू शकतो. तो कोण, हे खेळ संपेपर्यंत कळत नाही.

बलवान बाजूला उभे राहून

आता नाण्याची दुसरी बाजू. हजारे पुढे बडोदे संस्थानच्या सेवेत गेले आणि तेथूनच खेळू लागले. मार्च १९४७ मध्ये बडोद्यात रणजी स्पर्धेचा अंतिम सामना झाला. समोर इंदूरचा होळकर संघ. तो आदल्या वर्षीचा विजेता, पण पहिल्या डावात २०२ वर कोसळला. बडोद्याचेही तीन गडी ९१ धावांत गेले. मग हजारे आणि गुल महंमद यांनी चौथ्या जोडीसाठी ५७७ धावा केल्या. गुल महंमद यांच्या ३१९, हजारे यांच्या २८८. कोणत्याही जोडीसाठीचा हा जागतिक विक्रम २००६ पर्यंत, म्हणजे जवळजवळ साठ वर्षे टिकला. ज्या वर्षी धर्माच्या नावाने देश फाटत होता त्या वर्षी एक ख्रिस्ती आणि एक मुसलमान एकमेकांच्या हाकेला ओ देत धावत होते, हे विशेष. बडोद्याच्या ७८४ धावा झाल्या आणि एक डाव ४०९ धावांनी विजय मिळाला.

आता कोणी विचारेल, एवढ्या धावा कशाला? पुढे गेल्यावर थांबावे की नाही? याचे उत्तर सोपे नाही. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात याचे टोक गाठले गेले. महाराष्ट्राचा सामना काठियावाडशी होता. काठियावाडचा डाव २३८ वर संपला. महाराष्ट्राने ४ बाद ८२६ केल्या. कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर ४४३ वर नाबाद होते. ब्रॅडमन यांचा ४५२ धावांचा विक्रम फक्त नऊ धावा दूर होता. उपाहाराची वेळ झाली, आणि काठियावाडचे कर्णधार असलेले राजकोटचे ठाकूरसाहेब यांनी सामना सोडून दिला. त्यांचा संघ पुन्हा मैदानात उतरलाच नाही. निंबाळकरांचा विक्रम नऊ धावांनी राहिला तो राहिलाच.

ठाकूरसाहेबांनी तसे करायला नको होते, असे आपण चटकन म्हणू. हरणाऱ्यानेही खेळ पुरा करावा, हजारे बंधूंनी केला तसा. पण जरा त्यांच्या खेळाडूंच्या जागी उभे राहून पाहा. उन्हात तासन् तास चेंडू आणायला पळायचे आणि सामना केव्हाच हातून गेलेला. जिंकण्यासाठी लागतात त्या धावा काढणे वेगळे आणि विक्रमासाठी समोरच्याला उन्हात उभे ठेवणे वेगळे. यांतली रेघ कुठे आहे, ते कर्णधाराने ओळखायचे असते. १९४३ साली ५८१ वर डाव घोषित करणाऱ्याने ती ओळखली होती.

इंग्लंडचा दुय्यम संघ

१९४८ च्या जानेवारीत हजारे पुन्हा दुबळ्या बाजूला होते. ॲडलेडच्या कसोटीत ब्रॅडमन यांच्या ऑस्ट्रेलियाने ६७४ धावा केल्या. द्विशतक काढलेल्या ब्रॅडमन यांचा त्रिफळा हजारे यांनीच उडवला. फलंदाजीत त्यांनी पहिल्या डावात ११६ आणि फॉलोऑननंतर १४५ धावा काढल्या. त्या दुसऱ्या डावात सहा भारतीय फलंदाज शून्यावर बाद झाले होते. एका कसोटीत दोन्ही डावांत शतक काढणारे हजारे हे पहिले भारतीय. भारत हरला, पण डावाने हरतानाही मान ताठ ठेवता येते हे दिसले.

१९५१ साली हजारे भारताचे कर्णधार झाले. त्या हिवाळ्यात इंग्लंडचा संघ पाच कसोटी खेळायला आला. भारताने १९३२ साली पहिली कसोटी खेळली होती. जवळजवळ वीस वर्षे झाली तरी एकही कसोटी जिंकलेली नव्हती. साहजिकच इंग्लंडने हिशेब केला. लेन हटन, डेनिस कॉम्प्टन, ॲलेक बेडसर अशा पहिल्या फळीच्या खेळाडूंना घरी विश्रांती दिली. कर्णधार म्हणून नायजेल हॉवर्ड आले. त्यांनी त्याआधी एकही कसोटी खेळलेली नव्हती. भारतासाठी एवढे पुरे, असा तो हिशेब.

दिल्लीच्या पहिल्या कसोटीत त्या हिशेबाला तडा गेला. मर्चंट यांनी १५४ आणि हजारे यांनी नाबाद १६४ धावा केल्या. भारताला २१५ धावांची आघाडी मिळाली. पण इंग्लंडचे वॅटकिन्स सुमारे नऊ तास उभे राहिले आणि सामना अनिर्णित राहिला. वरचढ झालो म्हणजे जिंकलो असे नव्हे, हा धडा या वेळी भारताला मिळाला. मुंबईत हजारे यांनी १५५ धावा केल्या, तोही सामना अनिर्णित. कलकत्त्यातही तेच. कानपूरला इंग्लंडने आठ गडी राखून बाजी मारली. आता एकच सामना उरला, मद्रासचा.

६ फेब्रुवारी १९५२ रोजी तो सुरू झाला. त्याच दिवशी इंग्लंडचे राजे सहावे जॉर्ज यांचे निधन झाले. म्हणून सुटीचा दिवस अलीकडे घेऊन दुसऱ्या दिवशी खेळ बंद ठेवला. हॉवर्ड आजारी असल्याने इंग्लंडचे नेतृत्व डोनाल्ड कार करत होते. विनू मंकड यांनी ५५ धावांत ८ गडी टिपले आणि इंग्लंडचा डाव २६६ वर आटोपला. भारताकडून पंकज रॉय यांनी १११ धावा केल्या आणि पॉली उम्रीगर यांनी नाबाद १३०. हे उम्रीगर आपल्या सोलापुरात जन्मलेले. हेमू अधिकारी ऐनवेळी जखमी झाले म्हणून त्यांना जागा मिळाली होती. हजारे यांनी ९ बाद ४५७ वर डाव घोषित केला. मंकड आणि गुलाम अहमद यांनी प्रत्येकी चार गडी घेऊन इंग्लंडला १८३ वर गुंडाळले.

एक डाव आणि आठ धावांनी भारत जिंकला. कसोटी क्रिकेटमधला भारताचा तो पहिला विजय, आणि कर्णधार होते सांगलीच्या शिक्षकाचे पुत्र विजय हजारे. त्या सामन्यात त्यांची स्वतःची धावसंख्या मोठी नव्हती. कर्णधाराचे यश नेहमी स्वतःच्या धावांत मोजायचे नसते.

हीच चूक दूर देशी

दुय्यम संघावर काम भागवण्याचा हा मोह केवळ क्रिकेटचा किंवा इंग्रजांचा नाही. अमेरिकेत इंडियाना राज्यात नोत्र दाम नावाचे प्रसिद्ध कॅथोलिक विद्यापीठ आहे. होली क्रॉस संघाच्या धर्मगुरूंनी ते स्थापन केले. तिथल्या कॉलेज फुटबॉलचे वेड जगजाहीर आहे. हा फुटबॉल आपल्यासारखा पायाने खेळायचा नव्हे. चेंडू हातात धरून समोरच्यांची भिंत फोडत पुढे जायचे असते. नॉर्वेत जन्मलेले न्यूट रॉकनी हे तिथले नामांकित प्रशिक्षक. १९२५ साली त्यांनी कॅथोलिक श्रद्धा स्वीकारली.

रॉकनी यांची एक ठरलेली युक्ती होती. सामन्याच्या सुरुवातीला ते दुसऱ्या फळीचे खेळाडू उतरवत. समोरचा संघ त्यांच्याशी झुंजून दमला की ताज्या दमाचे मुख्य खेळाडू आत येत. युक्ती हुशारीची होती आणि यशस्वीही होई. दुसऱ्या फळीला खरे काम मिळे आणि मुख्य खेळाडूंची शक्ती वाचे. पण यासाठी प्रशिक्षकाची नजर मैदानावर हवी.

१९२६ साली त्यांच्या संघाने आठ सामन्यांत मिळून समोरच्यांना फक्त सात गुण करू दिले होते. मग पिट्सबर्गला कार्नेगी टेक या कॉलेजाशी सामना आला. हा तर सहज जिंकू, असे समजून रॉकनी स्वतः गेलेच नाहीत. संघ मदतनीसाच्या हाती सोपवून ते त्याच दिवशी शिकागोला सैन्य आणि नौदल यांच्यातला गाजलेला सामना पाहायला गेले. तिकडे कार्नेगी टेकने नोत्र दामला १९-० असे हरवले. एवढ्या मोठ्या प्रशिक्षकाच्या कारकिर्दीवरचा हा डाग पुसला गेला नाही. १९३१ साली विमान अपघातात त्यांचे निधन झाले, पण त्यांचे चरित्र सांगताना त्या दुपारची गोष्ट अजूनही निघते.

राखीव खेळाडू उतरवणे ही चूक नव्हती. मन उतरले नाही, ही चूक होती.

चूक कळली, पण दुसऱ्याची

मद्रासनंतर चार महिन्यांनी भारताचा संघ हजारे यांच्या नेतृत्वाखाली इंग्लंडला गेला. या वेळी इंग्लंडने कोणालाही घरी बसवले नाही. हटन कर्णधार, बेडसर गोलंदाजीला, आणि सोबत फ्रेड ट्रुमन हा नवा तरुण वेगवान गोलंदाज. लीड्सला पहिल्या डावात हजारे यांनी ८९ धावा करून वीस वर्षांच्या विजय मांजरेकरांना शतकापर्यंत सोबत केली. दुसऱ्या डावात मात्र भारताचे पहिले चार गडी शून्य धावसंख्येवर गेले. धावफलकावर शून्यावर चार! तेव्हाही कर्णधाराने उभे राहून ५६ धावा केल्या. मालिका इंग्लंडने ३-० अशी जिंकली. दुबळ्याशीही पूर्ण ताकदीने खेळायचे, हे ते शिकले होते.

आपण मात्र ते लगेच विसरलो. १९५२ च्या ऑक्टोबरमध्ये पाकिस्तानचा संघ पहिल्यांदाच कसोटी खेळायला भारतात आला. देश नवा, संघ नवखा. या मालिकेत भारताचे कर्णधार लाला अमरनाथ होते आणि हजारे खेळाडू म्हणून संघात होते. दिल्लीची पहिली कसोटी भारताने एक डाव ७० धावांनी जिंकली. आता काय, पाकिस्तान म्हणजे लिंबूटिंबूच! लखनौच्या दुसऱ्या कसोटीत हजारे, मंकड आणि अधिकारी हे तिघेही खेळले नाहीत. तागाच्या मॅटिंगवर फझल महमूद यांनी बारा गडी घेतले. भारताचे डाव १०६ आणि १८२ वर संपले. पाकिस्तानने आपला पहिला कसोटी विजय एक डाव ४३ धावांनी मिळवला. आठ महिन्यांपूर्वी मद्रासला आपण जो आनंद साजरा केला होता, तोच आनंद आता समोरचे साजरा करत होते.

मुंबईच्या तिसऱ्या कसोटीत हजारे परतले. त्यांनी नाबाद १४६ धावा केल्या, सोलापूरच्या उम्रीगरांनीही शतक केले. भारत दहा गडी राखून जिंकला आणि पुढे मालिकाही.

शांत माणसाचा शेवट

हजारे पुन्हा कर्णधार होऊन १९५३ साली वेस्ट इंडिजला जाऊन आले. ती त्यांची शेवटची कसोटी मालिका. कर्णधारपदाच्या ओझ्याने त्यांच्या फलंदाजीचे नुकसान झाले, असे अनेक जाणकारांना वाटे. ते मुळात लाजाळू आणि अबोल. मैदानावर ओरडणे, हुकूम सोडणे त्यांच्या स्वभावात नव्हते. तीस कसोटींत २१९२ धावा, सात शतके. प्रथम श्रेणीच्या सामन्यांत एकूण साठ शतके आणि गोलंदाज म्हणून जवळजवळ सहाशे बळी. १९६० साली सरकारने त्यांना पद्मश्री दिली. पुढे त्यांनी राष्ट्रीय निवड समितीवरही काम केले. १८ डिसेंबर २००४ रोजी, नाताळ आठवड्यावर आला असताना, बडोद्यात वयाच्या ८९ व्या वर्षी ते देवाघरी गेले.

आपल्या मुलांसाठी

त्यांच्या जीवनातून आपल्या मुलांनी काय घ्यावे? दुबळा संघ समोर आला तर तयारी नेहमीसारखीच करावी. राखीव मुलांना जरूर संधी द्यावी, त्यांना ती मिळायलाच हवी. पण ती त्यांच्या हक्काची संधी म्हणून द्यावी. समोरच्याची किंमत कमी आहे म्हणून देऊ नये. आणि प्रशिक्षकाने व कर्णधाराने तिथे हजर असावे, शरीराने आणि मनाने. जिंकण्यापुरती आघाडी झाली की समोरच्याला उगाच रखडवू नये. दया दाखवून मुद्दाम वाईटही खेळू नये. ज्याच्याशी आपण मनापासून खेळतो त्याचाच आपण मान राखतो. खोटी दया हाही एक प्रकारचा अपमानच असतो.

आणि तुम्ही स्वतः दुबळ्या संघात असाल तर? मग ब्रेबर्नवरच्या त्या दोन भावांना आठवा. प्रत्येकाला ३०९ करता येत नाहीत. पण २१ धावा करून दुसऱ्याच्या सोबतीला उभे राहणे कोणालाही जमेल. दावीद आणि गल्याथ यांची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. त्या गोष्टीत आपण नेहमी स्वतःला दावीदाच्या जागी पाहतो. कधी कधी आपण गल्याथाच्या जागी उभे असतो, हे मात्र आपल्या लक्षात येत नाही. शाळेत, कचेरीत, शेजारपाजारी, घरातसुद्धा आपण कोणाला तरी लिंबूटिंबू ठरवून बसलेले असतो. तो माणूस कोण, याचा या आठवड्यात प्रत्येकाने शांतपणे विचार करावा.

पुढच्या वेळी टीव्हीवर विजय हजारे करंडकाचा सामना लागला की मुलांना जवळ बसवा आणि ही गोष्ट सांगा. सांगलीच्या शिक्षकाचा मुलगा, बाकीच्यांच्या संघातला फलंदाज, भारताच्या पहिल्या विजयाचा कर्णधार.